एस्टोनिया 'स्वेच्छेने' सोव्हिएत संघात गेला नव्हता

'१९४० मध्ये एस्टोनियाने मतदान करून सोव्हिएत संघात प्रवेश घेतला' असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो खोटा आहे. मतदान झाले, पण कधी? १६ जूनला मॉस्कोने निर्वाणीचा इशारा दिला, दुसऱ्या दिवशी लाल सैन्याने देश ताब्यात घेतला आणि जुलैमध्ये निवडणूक उरकली. विरोधी उमेदवार बाद करून मतदारांपुढे एकच यादी ठेवली होती. विलीनीकरणाचा तर प्रचारात उच्चारही नव्हता! राष्ट्राध्यक्ष कॉन्स्टंटिन पॅट्स यांना जुलैअखेर रशियात हद्दपार केले. ६ ऑगस्टला विलीनीकरण झाले. पुढे मार्च १९४९ मध्ये काही दिवसांतच वीस हजारांहून अधिक माणसे सायबेरियाकडे धाडली, त्यांत बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती. याला स्वेच्छा म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.