खुलासा: जंगल फक्त रोपं लावूनच परत येतं, हे खरं नाही

“संरक्षित क्षेत्रातलं उजाड जंगल वाचवायचं तर लाखो रोपं लावा आणि गावकऱ्यांना बाहेर ठेवा, दुसरा उपाय नाही,” असा मेसेज सध्या फिरतोय. त्यामागची तळमळ खरी असेल, पण माहिती चुकीची आहे.

जिथे मातीत मुळं जिवंत आहेत आणि जवळपास बी देणारी झाडं आहेत, तिथे वणवा आणि अतिचराई रोखली तरी जंगल बऱ्याचदा आपसूक सावरतं. तोडलेल्या बुंध्यापाशी वाकून बघा, फुटवे आलेले दिसतील. त्यातले एक-दोन जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे, भोवतीचं गवत काढायचं. रोपवाटिका, खड्डे, वाहतूक, पाणी हा बराचसा खर्च वाचतो, आणि हे काम जवळच्या गावातली माणसंच उत्तम करतात.

कोस्टा रिकातल्या ग्वानाकास्टेमध्ये 1980च्या दशकापासून हेच झालं. आफ्रिकेतून आणलेलं हारागुआ गवत उन्हाळ्यात भडकायचं. स्थानिकांनाच वणवा रोखायच्या कामावर घेतलं. सुरुवातीला गवत आटोक्यात ठेवायला गुरंही चारली. शुष्क वन परत आलं. दक्षिण आफ्रिकेत तर 1995 पासून पाणी पिणारी परकी झाडं काढण्याच्या सरकारी कामातून गरीब कुटुंबांना रोजगार मिळतोय.

खाणीने माती खरवडून नेली असेल, तर मात्र लागवड लागतेच. आणि मूळच्या गवताळ माळावर झाडं लावूच नयेत. तिथल्या पशुपक्ष्यांचा आसराच जातो.

म्हणून कळकळीची विनंती: तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.