बॉल आत होता

आत्ता कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरनं फुटबॉलची मॅच बघून घरी आलोय. अजून बूट पण काढलेले नाहीत. जेवून बसलो तर राग शांत होईल आणि मला तो शांत व्हायला नकोय, म्हणून आधी हे लिहितोय.

मॅचचा निकाल सांगत नाही, टीमची नावं पण लिहीत नाही. जे होते त्यांना माहीत आहे. एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा. गेल्या सीझनला आपल्या पेठेकडून खेळला, यंदा दुसऱ्या पेठेकडून उतरला. वॉर्मअपला आपल्या गॅलरीसमोरून पळत गेला तेव्हा जे 'गद्दार, गद्दार' सुरू झालं ते शेवटच्या शिट्टीपर्यंत थांबलं नाही. मधे त्याच्या आईवरून घोषणा झाल्या. त्याचे वडील माझ्या चार पायऱ्या खाली बसले होते. मान खाली घालून शेंगा सोलत होते आणि एकही दाणा तोंडात टाकत नव्हते. मूठ भरली तरी सोलतच होते.

दुसऱ्या हाफला डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या चौकटीत, आपला एक पोरगा पडला. पंचांनी पेनल्टी दिली नाही. मॅच संपल्यावर पंधरा-वीस जण मोबाइल घेऊन खाली उतरले. पन्नाशी उलटलेला माणूस तो, घामानं भिजलेला, आणि ही पोरं त्याच्या तोंडासमोर स्क्रीन नाचवतायत, स्लो मोशन करून दाखवतायत. "हे बघ व्हीएआर! बघ की! डोळं फुटल्यात व्हय?" व्हीएआर म्हणजे व्हिडिओ बघून पंचांचा निर्णय तपासायची पद्धत. मागनं कुणीतरी पाण्याची बाटली मारली, ती पंचांच्या कानावर बसली. ते काही बोलले नाहीत. वाकून शिट्टी उचलली आणि चालू लागले.

आणि घरी येताना रिक्षात ग्रुप उघडला तर तिथं काय? इंग्लंडमधल्या न्यूकॅसल क्लबचा खेळाडू इसाक क्लब सोडून गेला, ते बरोबर केलं की चूक! शंभर-सव्वाशे मेसेज. संध्याकाळी 'गद्दार' ओरडणारेच रात्री लिहितायत, "प्रोफेशनल आहे तो, करिअर बघणारच की."

अरे मग बघू दे की सगळ्यांनाच करिअर! न्यूकॅसलशी करार असताना इसाक टीमबरोबर आशियाच्या दौऱ्यावर गेला नाही, सीझन सुरू झाला तरी खेळला नाही, आणि १ सप्टेंबर २०२५ ला, क्लब बदलायची मुदत संपायच्या दिवशी, साडेबारा कोटी पौंडांना लिव्हरपूल या दुसऱ्या क्लबला गेला. त्याचं समर्थन करायला तुमच्याकडे शब्द आहेत. इथल्या पोराला वर्षाला चार पैसे जास्त मिळणार, कुणीतरी नोकरीला चिकटवतो म्हणालाय, तर त्याची आई काढायची?

मला हे एवढं का लागलं ते जुन्या दोस्तांना माहीत आहे. माझा धाकटा भाऊ. त्याला इथं बारक्याच म्हणतो.

२०१५. वडिलांची बायपास झालेली, घरात कर्ज. बारक्याला दुसऱ्या पेठेकडून निरोप आला की आमच्याकडं खेळ, फाउंड्रीत पर्मनंट करतो. रात्री गच्चीवर आला आणि म्हणाला, "दादा, मी गेलो तर तू बोलशील का माझ्याशी?" मी म्हणालो, "आधी झोप." एवढंच म्हणालो. पुढच्या आठवड्यात आई कपिलतीर्थला भाजी आणायला गेली तर ओळखीच्याच एका बाईनं विचारलं, "कितीला दिला ओ पोरगा?" आई पिशवी रिकामीच घेऊन परत आली होती.

बोसमन नावाचा बेल्जियमचा एक खेळाडू होता. त्याचा करार संपलेला, तरी क्लब त्याला सोडेना, फ्रान्समधल्या क्लबकडे जाऊ देईना. तो कोर्टात गेला आणि १९९५ मध्ये जिंकला. आज युरोपात करार संपला की खेळाडू फुकट जाऊ शकतो तो त्या निकालामुळे. अलेक्झांडर-आर्नॉल्ड नावाचा खेळाडू करार संपत आल्यावर लिव्हरपूल सोडून स्पेनच्या रिआल माद्रिदला गेला. तो सहा वर्षांचा असल्यापासून लिव्हरपूलचा, आणि तो जातोय म्हटल्यावर ॲनफिल्डवर, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानात, त्याच्याच लोकांनी हुर्यो केली. म्हणजे तिकडचेही काही संत नाहीत, मान्य. रातोरात शब्द फिरवणारे खेळाडूही असतात, तेही मान्य. पण म्हणून पोराच्या आईबापानं तोंड लपवून फिरायचं?

आता व्हीएआरकडे येतो, कारण ग्रुपवर दुसरा वाद तोच आहे. 'कोल्हापुरात व्हीएआर आणा' म्हणे. मोबाइलवाल्या पोरांना व्हीएआर म्हणजे काय वाटतं तेच मला कळत नाही. नियमात मोजक्याच गोष्टींसाठी तो बघता येतो, जसं गोल, पेनल्टी, रेड कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड गेलं असेल तर. तेही पंचांची चूक स्पष्ट, ढळढळीत असेल तरच. आणि धडक किती जोराची होती हे ठरवताना नेहमीच्या वेगात बघा, स्लो मोशन फक्त कुठं लागलं ते बघायला, असंही त्यात आहे. स्लो मोशनमध्ये बघितलं तर प्रत्येक टॅकल खुनी हल्ला वाटतो. आजची ती क्लिप मी तीनदा बघितली. पळत्या वेगात ती पेनल्टी नाही. पेठ माझी असली तरी नाही.

आणि यंत्र आलं की भांडण मिटतं असं कुणी सांगितलं? ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस दियासचा सरळसरळ चांगला गोल लाइन्समननं ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीतल्या माणसाला वाटलं मैदानावर गोलच दिलाय, म्हणून तो म्हणाला, तपासलं, सगळं बरोबर. चूक कळली तोवर खेळ सुरू झालेला, आता थांबवता येत नाही म्हणे. पुढे त्या खोलीतलं बोलणं जाहीर झालं, ते मी ऐकलंय. माणसं घाबरून एकमेकांवर ओरडतायत. सगळे कॅमेरे, सगळे पैसे, आणि शेवटी माणूसच गडबडला. वुल्व्ह्ज या इंग्लंडमधल्या क्लबनं तर २०२४ मध्ये तिथल्या प्रीमियर लीगमधून व्हीएआर काढूनच टाका असा ठराव आणला. १९ विरुद्ध १ मतांनी पडला. स्वीडनमधल्या क्लबांनी मात्र सदस्य प्रेक्षकांचं ऐकलं आणि व्हीएआर घेतलाच नाही. मला ते स्वीडनवाले जवळचे वाटतात.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, हा व्हीएआरच्या विरोधात. थांबा.

२०१० चा वर्ल्डकप आठवा. आपल्या चौकात पडदा लावला होता. जर्मनी-इंग्लंड, इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल बारला लागून आत पडला, चांगला हातभर आत, आणि पंचांनी गोल दिला नाही. २-१ चा स्कोअर २-२ व्हायचा तो झाला नाही, शेवटी ४-१. अर्धा चौक जर्मनीचा, आम्ही नाचलो होतो. त्या एका गोलानंतर फिफाला लाज वाटली आणि २०१४ च्या वर्ल्डकपला गोललाइनवर यंत्र आलं. आज त्यावर कुणी भांडत नाही. पंचांच्या मनगटावरचं घड्याळ वाजतं, गोल. ऑफसाइडच्या रेषाही आता कॅमेरेच काढतात. बगल पुढं होती म्हणून गोल रद्द होतो तेव्हा मला चीड येते, पण ठीक आहे, रेषा ती रेषा.

हे यंत्र मला का हवंय ते अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही.

बारक्या नव्या टीमकडून पहिल्यांदा आपल्या पेठेविरुद्ध खेळला ती मॅच. ०-० होती, दहाएक मिनिटं राहिलेली. त्यानं डीच्या बाहेरून डाव्या पायानं मारला, बॉल बारच्या खालच्या बाजूला लागला, फक्कीच्या, म्हणजे गोलरेषेच्या, पलीकडे पडला आणि फिरकी घेऊन बाहेर आला. वीतभर आत. लाइन्समन मागं राहिलेला, पळत येत होता. मी बरोबर त्या रेषेत बसलो होतो, कॉर्नरच्या झेंड्यामागे. माझ्याएवढं स्वच्छ अख्ख्या मैदानात कुणाला दिसलं नसेल.

बारक्या हात वर करून आमच्या गॅलरीकडं वळला. सगळे ओरडत होते, नो गोल, नो गोल. त्यानं नेमकं माझ्याकडं बघितलं. मी पण ओरडलो. नो गोल.

पंचांनी खेळ पुढं नेला. टायब्रेकरवर ते हरले. रात्री तो घरी आला, आंघोळ केली, भाकरी-आमटी खाल्ली. वडिलांनी विचारलं, "आत होता का रे?" तो म्हणाला, "कुणास ठाऊक." माझ्याकडं बघितलंच नाही.

म्हणून सांगतो, कोल्हापुरात काही आणायचं असेल तर गोललाइनवर दोन कॅमेरे आणा. फिफानं छोट्या स्पर्धांसाठी एक स्वस्तातली पद्धत काढलीय, २०२४ पासून वापरून बघतायत. व्हीएआरची खोली नाही, कोचला दोनदा दाद मागता येते, पंच स्वतः बाजूच्या स्क्रीनवर बघून ठरवतो. ते आपल्याला झेपेल. महिलांच्या २०२३ च्या वर्ल्डकपला पंचांनी माइकवर निर्णय सांगितले, तेही करा. पंचांनी कारण सांगावं, आपण ऐकावं. आणि तोवर त्या माणसाच्या तोंडासमोर मोबाइल धरायचा नाही. आज बाटली कुणी मारली ते मला माहीत आहे. उद्या त्याच्या घरी जाणार आहे, आणि त्याला घेऊन पंचांच्या घरी जाणार आहे. येणार नाही म्हणाला तर एकटा जाईन.

त्या पोराचे वडील शेवटी उठले तेव्हा मी खाली गेलो. काय बोलावं सुचेना. "पोरगा चांगला खेळला," म्हणालो. त्यांनी मुठीतले दाणे माझ्या हातात दिले आणि जिना उतरून गेले.

बारक्या, तू चाकणला आहेस, नाइट शिफ्ट असेल, सकाळी वाचशील. तो बॉल आत होता. मी बघितला होता. सुटलास की फोन कर.