‘काढीव ईसीएम लावा, गाडी सुरू’: एवढं सोपं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज असा: “गाडीचा ईसीएम गेला तर शोरूममध्ये हजारो रुपये घालवू नका. भंगार मार्केटमधून त्याच मॉडेलचा काढीव ईसीएम आणा, कपलर लावा, गाडी सुरू.” ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, काढीव म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला आणि कपलर म्हणजे वायरींचा प्लग. काढीव ईसीएमला माझा विरोध नाही, पैसे वाचतात हे खरं आहे. पण या सल्ल्यावर विसंबून लोक पैसे पाण्यात घालतात, म्हणून हे लिहितोय.

‘ईसीएम गेला’ हे ठरवलं कोणी? स्कॅनरवर (गाडीला जोडून दोष वाचायच्या यंत्रावर) ‘कम्युनिकेशन नाही’ आलं की बरेच जण ईसीएमवर फुली मारतात. अहो, त्याला करंटच पोचत नसेल तर तो बोलणार कसा? आधी फ्यूज आणि मेन रिले (ईसीएमला करंट देणारा स्विच) बघा. मग अर्थिंग: इग्निशन ऑन ठेवून मल्टिमीटरची एक पिन ईसीएमच्या अर्थ वायरीला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थिंग कुठेतरी गंजलंय किंवा ढिलं आहे. त्यानंतर सेन्सर. बऱ्याच सेन्सरना ईसीएमकडून 5 व्होल्ट जातात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की त्या लाइनचा व्होल्टेज पडतो आणि काही गाड्यांत ईसीएम मेल्यासारखा गप्प होतो. सेन्सरची कपलरं एकेक करून काढत जा. एखादं काढताच चेक लाइट पेटला आणि स्कॅनर जोडला गेला, तर खर्च त्या सेन्सरपुरता.

‘त्याच मॉडेलचा’ म्हणणंही पुरेसं नाही. लेबलवरचा पार्ट नंबर जुळायला हवा. फियाटचं 1.3 मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि पुंटो, तिन्हींत होतं, पण म्हणून एकीचा ईसीएम दुसरीत चालेल असं धरून चालू नका. एकाच मॉडेलच्या बीएस-4 आणि बीएस-6 (प्रदूषणाच्या जुन्या आणि नव्या नियमांच्या) गाड्यांतही फरक असतो.

‘कपलर लावा, गाडी सुरू’ हे इमोबिलायझर (परक्या किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या जुन्या गाड्यांत होऊ शकतं. बाकीच्यांत किल्लीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची जोडी जुळवलेली असते. परका ईसीएम लावलात की बहुतेक वेळा सेल्फ लागतो, इंजिन फिरतं, पण स्टार्ट होत नाही किंवा लगेच बंद पडतं. चोरी रोखायलाच ही सोय केलीय! यावर उपाय म्हणजे क्लोनिंग: जुन्या ईसीएमची मेमरी वाचून काढीवमध्ये जशीच्या तशी उतरवायची. कित्येक कॉमन रेल डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागाचा) कोडही ईसीएममध्ये असतो, तोही यात येतो. म्हणून जुना ईसीएम दुकानदाराला बदल्यात देऊ नका.

आणि जुना जळला कशाने? इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टरच्या शॉर्टने जळला असेल, तर तो दोष काढल्याशिवाय दुसराही जळेल. घेताना कपलरच्या पिना बारकाईने बघा. हिरवट गंज असेल तर ईसीएम पाण्यात गेलेला असू शकतो, तो नकोच. बिलावर पार्ट नंबर आणि ‘चालला नाही तर परत’ हे दोन्ही लिहून घ्या.