देश कसा विकून खावा

तुमच्या वाट्याला एखादा छोटा देश आला, तर गांगरून जाऊ नका. प्रशांत महासागरात नाउरू नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर, वस्ती बारा हजारांच्या आसपास. आपल्याकडे तालुक्याची गावं याहून मोठी असतात. त्यांनी कित्ता घालून ठेवलाय, तुम्ही फक्त गिरवायचा.

आपल्याकडे काय आहे, हे आधी परक्याला कळू द्या. सिडनीतल्या एका कचेरीत नाउरूहून आणलेला दगड दाराला अडसर म्हणून पडून होता. १९०० च्या सुमारास अल्बर्ट एलिस नावाच्या कर्मचाऱ्यानं तो तपासून घेतला, तर निघाला अव्वल दर्जाचा फॉस्फेट. खताचा कच्चा माल. मग बेट खणायला घेतलं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून ते चालवलं, आणि माल बाजारभावापेक्षा स्वस्तात आपापल्या शेतकऱ्यांना घातला. तुमचा डोंगर दुसऱ्याच्या कुरणात हिरवा होऊ लागला, की समजावं, विकास सुरू झाला.

त्यानंतर स्वातंत्र्य घ्या. नाउरूनं ते १९६८ साली घेतलं आणि लवकरच खाणीही ताब्यात आणल्या. १९७०च्या दशकात दरडोई उत्पन्नात हे बेट जगातल्या श्रीमंतांच्या पंगतीत बसलं. प्राप्तिकर नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट. फॉस्फेट कधीतरी संपणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून पुढच्या पिढ्यांसाठी निधीही काढला. इतकं शहाणपण देश बुडवायला पुरत नाही. त्यासाठी सल्लागार लागतात.

सल्लागार निवडताना फार चौकशी करू नका. नाउरूच्या एका आर्थिक सल्लागारानं पूर्वी एका पॉप बँडचे दौरे सांभाळले होते. त्याच्या नादानं सरकारनं लंडनमध्ये लिओनार्डो द व्हिंचीच्या प्रेमप्रकरणावरच्या संगीत नाटकात सुमारे २० लाख पौंड घातले. १९९३ साली राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री प्रयोगाला विमानानं गेले. महिना-सव्वा महिन्यात नाटक बंद! (गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑस्ट्रेलियानं खाणकामाच्या नुकसानीपोटी १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. येणारं आणि जाणारं, दोन्ही दारं उघडी हवीत.) मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारतही बांधा, ती २००४ साली विकता येते. विमान कंपनी काढाच. नाउरूचं शेवटचं विमान कर्ज थकलं म्हणून २००५ च्या डिसेंबरात जप्त झालं, तेव्हा बेटावर यायची-जायची पंचाईत झाली, एवढंच.

माती संपली? हात आखडू नका, अजून देशपण शिल्लक आहे. पत्ता विका: नाउरूत एका टपालपेटीवर चारशेच्या वर बँका नांदत होत्या. रशियातला काळा पैसा तिथून धुऊन निघाला म्हणतात. मान्यता विका (चीन आणि तैवान यांतल्या एकालाच देता येते): २००२ साली तैवान सोडून चीन, २००५ साली परत तैवान, २०२४ साली पुन्हा चीन. आपल्याकडच्या आमदारांनी नोंद घ्यावी, इथं अख्खा देश पक्ष बदलतो आणि अपात्रही ठरत नाही. जागा भाड्यानं द्या: २००१ पासून ऑस्ट्रेलियानं नको असलेले निर्वासित नाउरूत आणून ठेवले. ज्यांनी बेट खणलं, त्यांचीच छावणी सांभाळायची आणि त्यांच्याच पैशावर घर चालवायचं. यात कमीपणा वाटून घेऊ नका, याला प्रादेशिक सहकार्य म्हणतात.

तरीही भागलं नाही, तर समुद्राचा तळ आहेच. तो खणायचे नियम लवकर करा, असा तगादा नाउरूनं २०२१ साली लावून ठेवलाय.

सध्या पासपोर्ट विक्रीला आहे, २०२५ साली काढला तेव्हा किमान १,०५,००० अमेरिकन डॉलरला. समुद्राची पातळी वाढतेय, किनाऱ्यावरची माणसं वर उंचावर न्यायची आहेत, त्यासाठी हा पैसा. उंचावर म्हणजे खणून उरलेल्या चुनखडीच्या सुळक्यांत. तुम्हाला घ्यायचा असेल, तर कुटुंबासाठी काही सवलत आहे का, ते आधी विचारून घ्या.