रॅम पंप चालतो, पण व्हिडिओत दाखवतात तसा नाही

‘ना वीज, ना डिझेल. पीव्हीसीचे चार तुकडे आणि कोल्ड्रिंकची बाटली जोडा, विहिरीत सोडा, पाणी शंभर फूट वर चढेल.’ रॅम पंपाचे, म्हणजे वाहत्या पाण्याच्याच धक्क्याने त्यातलं थोडं पाणी वर चढवणाऱ्या पंपाचे, असे व्हिडिओ शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सारखे फिरतात. वीज लागत नाही, एवढं त्यात खरं आहे. गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या मोंगोल्फिए बंधूंपैकी जोसेफने 1796 मध्येच आपोआप चालणारा रॅम पंप बनवला होता. बाकीचे दावे मात्र एकेक करून तपासायला हवेत.

‘विहिरीत सोडा.’ इथेच सगळं फसतं. रॅम पंपाला वरून खाली येणारं पाणी लागतं आणि वाया जाणारं पाणी त्याहून खाली वाहून जायला वाटही लागते. विहिरीच्या तळाशी ते जाणार कुठे? साचलेल्या तळ्यातही पंप चालणार नाही. बांधाखाली उतार असेल तर गोष्ट वेगळी. ही मुळात ओढ्याकाठची वस्तू.

‘फुकटात हवं तेवढं पाणी.’ हिशोब करून बघा. मिनिटाला 60 लिटर पाणी 2 मीटर खाली येतंय, ते पंपापासून 12 मीटर वर न्यायचंय आणि पंपाची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर वर पोचतं मिनिटाला 6 लिटर. उरलेलं 54 लिटर पंपापाशीच सांडतं. शंभर फूट म्हणजे साधारण 30 मीटर. तिथे याच हिशोबाने 2.4 लिटर, आणि घरी जोडलेल्या पंपाकडून तेवढंही मिळेल असं धरून चालू नका. पण 6 लिटर कमी वाटले तरी पंप रात्रंदिवस चालतो. चोवीस तासांत 8,640 लिटर टाकीत पडतात. गुरांना आणि ठिबकवरच्या थोड्या झाडांना हे पाणी चांगलं कामाला येतं. उसाचा फड यावर भिजवायचा विचार सोडा.

‘बाटली पाणी वर खेचते.’ बाटली काहीही खेचत नाही. पाणी उताराच्या पाइपातून वेगाने येतं, बाहेर सांडू लागतं आणि त्याच वेगाने सांडपाण्याचा व्हॉल्व्ह खाडकन बंद करतं. धावतं पाणी अचानक अडलं की दाब उसळतो. या धक्क्याने नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे येऊ न देणारी झडप) उघडतो आणि घोटभर पाणी पुढे ढकललं जातं. दाब उतरला की सांडपाण्याचा व्हॉल्व्ह पुन्हा खाली पडून उघडतो. मिनिटाला साधारण 40 ते 60 वेळा हेच चालतं. बाटलीतली हवा फक्त हा धक्का झेलते आणि वर जाणारी धार सलग ठेवते. ती हवा हळूहळू पाण्यात विरघळते. मग बाटली पाण्याने भरते, पंप ठणठण वाजू लागतो आणि सांधे उखडतात. म्हणून नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या जरा खाली हवा ओढायला बारीक भोक ठेवतात, किंवा हवेच्या टाकीत सायकलची अर्धवट फुगवलेली ट्यूब घालतात. व्हिडिओत हे कुणी सांगत नाही, कारण व्हिडिओ दहा मिनिटांत संपतो.

‘कुठलाही पाइप चालतो.’ वर पाणी नेणारा पाइप साधा असला तरी चालेल. पंपाकडे येणारा पाइप मात्र लोखंडी जीआयचा असलेला बरा. पीव्हीसी प्रत्येक धक्क्याला किंचित फुगतो, त्यामुळे पाणी चढवायला हवा तो दाब त्याच्यातच जिरतो. त्यात रात्रंदिवस बसणाऱ्या धक्क्यांनी चिकटवलेले जोड कधी सुटतील याचा नेम नाही. पाइप पक्का बांधा आणि शक्य तितका सरळ ठेवा. कोल्ड्रिंकची बाटली प्रात्यक्षिकापुरती ठीक. शेतात जाड पाइपाची, वरून बंद केलेली नळीच बसवा.

‘एकदा बसवा आणि विसरा.’ जाळीत पाला अडकतो, व्हॉल्व्हचं रबर झिजतं, आणि पंप बंद पडला की व्हॉल्व्ह हाताने दाबून दाबून तो पुन्हा चालू करावा लागतो.

तेव्हा सामान आणण्याआधी ओढ्यावर बादली घेऊन जा. 15 लिटरची बादली 15 सेकंदांत भरली तर मिनिटाला 60 लिटर. मग पारदर्शक नळीत पाणी भरून उतार मोजा. तो मीटरभरही निघाला नाही, तर जागा बदला किंवा सोलर पंपाची चौकशी करा.