दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जॉमेट्री डॅश लेव्हल शिबिर, जळगाव

राम राम भाऊ. जॉमेट्री डॅश म्हणजे गाण्याच्या ठोक्यावर उड्या मारायचा गेम; शिबिरात मुलं त्याच्या लेव्हल स्वतः बनवतात. तुमच्या तक्रारी तीन: लाइट गेली तेव्हा मुलाचं काम उडालं, त्याची लेव्हल गाण्याशी जुळत नाही, आणि लेव्हलला स्टार (गेमवाल्यांकडून मिळणारं रेटिंग) मिळाले नाहीत.

पहिली चूक सरळ आमची. एडिटरमध्ये (गेममधल्या लेव्हल बनवायच्या जागेत) सेव्ह दाबलं तरी गेम नीट बंद केल्याशिवाय ते डिस्कवर पक्कं होत नाही. मे महिन्यात आपल्याकडे लाइटीचा काय भरवसा, तरी यूपीएस सगळ्या मशीनना नव्हते. आता दर अर्ध्या तासाला सेव्ह करून गेम बंद करायला लावतो. त्या दिवसाची फी काउंटरवरून परत घ्या.

गाण्याचं मात्र नीट सांगतो. त्याचं गाणं १४० बीपीएमचं (मिनिटाला १४० ठोके), म्हणजे एका ठोक्याला ०.४२९ सेकंद. साध्या वेगात क्यूब (आपण खेळवतो तो चौकोन) सेकंदाला सुमारे १०.३९ ब्लॉक (एडिटरमधले चौकोनी घर) पळतो, तेव्हा एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ४.४५ ब्लॉक अंतर हवं. त्याने ग्रिड (एडिटरमधल्या चौकटी) धरून साडेचार ठेवलं. एवढासा फरक डोळ्याला दिसत नाही, पण शंभर ठोक्यांत तो जवळपास पाच ब्लॉक होतो, म्हणजे अख्ख्या ठोक्याहून जास्त. म्हणून सुरुवात झकास वाटते आणि पुढे सगळं घसरतं.

ग्रिड विसरा. एडिटरमध्ये गाणं लावून ठोक्याठोक्याला टॅप करा, गाइडलाइन (ठोका दाखवणाऱ्या उभ्या रेषा) उमटतात. रेषेवर उडी यायला हवी, स्पाइक (लागला की मरतो तो काटा) नाही; स्पाइक रेषेच्या थोडा पुढे. टॅप करताना ब्लूटूथ हेडफोन नको, त्यात आवाज उशिरा पोचतो आणि सगळ्या रेषा उशिरा पडतात.

दुसरी गोची पोर्टलची, म्हणजे ज्यातून गेलं की वेग बदलतो त्या दाराची. डबल स्पीड नावालाच डबल, खरा वेग सेकंदाला सुमारे १२.९१ ब्लॉक, तिथे तोच ठोका ५.५३ ब्लॉकांवर पडतो. त्याने पोर्टल सगळी मांडणी झाल्यावर टाकला, त्यामुळे पुढचं सगळं चुकलं. आधी पोर्टल, मग मांडणी.

स्टारची हमी कोणीच देऊ शकत नाही, तो निर्णय गेमवाल्यांचा. आपल्या हातात फक्त अपलोड, आणि त्यासाठीसुद्धा स्टार्ट पोझिशन (मधूनच खेळ सुरू करायची खूण) काढून, प्रॅक्टिस मोड (मेल्यावर मधूनच पुढे खेळू देणारा सराव) न वापरता लेव्हल एका दमात पूर्ण खेळावी लागते. ते त्याचं अजून बाकी आहे.

रविवारी सकाळी त्याला पाठवा, पोर्टलपासून पुढचं बसून सरकवू. वायरचा हेडफोन घरून द्या, आमच्याकडचे दोनच धड चालतात.