बॉम जेझसचा लाल रंग मूळचा नाही

जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाच्या फोटोखाली एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणे हे चर्च संत फ्रान्सिस झेवियर यांनी स्वतः उभारलं, पोर्तुगिजांनी ते मुद्दाम गिलावा न करता लाल दगडात ठेवलं, चारशे वर्षं पाऊस झेलून दगडाला काही झालं नाही, आतलं सगळं पोर्तुगालहून आलं, आणि आता गिलावा मागणारे लोक वारशाची वाट लावायला निघालेत. चांगली वाचणारी माणसंही हे फॉरवर्ड करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

झेवियरांचं आधी उरकून टाकू. ते गेले १५५२ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर. चर्चचा पाया घातला १५९४ मध्ये, अभिषेक झाला १६०५ मध्ये. त्यांचं पार्थिव १५५४ मध्ये गोव्यात आलं तेही आधी सेंट पॉल कॉलेजात होतं, इथे बऱ्याच नंतर आणलं.

आता खरा मुद्दा, तो लाल रंग. बाहेरून हे चर्च पांढरंच होतं, म्हणजे जांभ्याच्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा, शेजारचं से कॅथेड्रल आजही आहे तसं. हा गिलावा काढला १९५० च्या दशकात, बाल्टाझार कॅस्ट्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली, इमारत जास्त प्राचीन दिसावी म्हणून. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ रूप’ म्हणतोय ते जेमतेम सत्तर वर्षांचं आहे, आणि बांधणाऱ्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं.

पटत नसेल तर पुढच्या भिंतीजवळ उभे राहून बघा. खांब, खिडक्यांच्या चौकटी आणि वरची ती ‘आयएचएस’ (येशूच्या नावाची खूण) अक्षरांची पाटी, हे सगळं वसईहून आणलेल्या काळ्या दगडात कोरलंय आणि त्याच्या कडा अजून धारदार आहेत, पण मधला जांभा बघा, भोकं पडलेली, कडा गोलावलेल्या, कुठे कुठे हात फिरवला तर लाल भुकटी बोटांना लागते. काळी चौकट पांढऱ्या भिंतीवर उठून दिसते, लालसर-काळ्या भिंतीत ती हरवून जाते. कारागिरांनी एवढा लांबून दगड आणला तो हरवण्यासाठी नक्कीच नाही!

‘चारशे वर्षं काही झालं नाही’ यातली साडेतीनशे वर्षं तर दगड झाकलेलाच होता हो. कोकणात ज्याचं घर जांभ्याचं आहे त्याला हे सांगायला नको, जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो, आणि गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाणी आत जातं, दगडातली माती धुऊन निघते, ओलीत शेवाळं आणि झाडांची मुळं घुसतात. चुन्याचा थर हा मार स्वतःवर घेतो, तो झिजला की पुन्हा लावता येतो, पण झिजलेला चिरा परत येत नाही.

आणि गिलावा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिमेंट येतं, तिथूनच अर्धा घोळ सुरू होतो. सिमेंटला माझाही कडक विरोध आहे, कारण ते ओल आत कोंडून ठेवतं. चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते, म्हणून तर त्या काळी तो वापरायचे.

राहिला तो ‘सगळं पोर्तुगालहून आलं’ हा जाताजाता केलेला दावा. झेवियरांच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लोरेन्सचा, टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने दिलेला, शिल्पकार फोज्जिनी, इथे बसवला १६९८ मध्ये. त्यावरची चांदीची पेटी मात्र गोव्यातल्याच कारागिरांनी १६३० च्या दशकात घडवली, तिच्यावरचं बारीक काम बघताना त्यांचं श्रेय दुसऱ्या कुणाला देऊ नका.

लाल भिंतीवर लोकांचा जीव जडलाय हे मला कळतं, आपण सगळे तीच बघत मोठे झालो. पण भिंतीच्या एका भागावर नीट पारंपरिक चुना लावून दोन-तीन पावसाळे ओल मोजून बघायला काय हरकत आहे? आकडे समोर आले की मग त्यावर भांडू, तोवर निदान तो मजकूर पुढे पाठवणं थांबवा.